झऱ्यातला गुलाल

रसूल मिस्त्री शनिवारी संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि तांब्याभर पाणी पिऊन झालं तरी बोलेना, तेव्हा काहीतरी अवघड आहे हे मी ओळखलं. कुंडल आणि आसपासच्या रानांत पाइपलाइन टाकणं, मोटरी बसवणं हे त्याचं काम. मुकादमाशी भांडतानासुद्धा त्याला शब्द कमी पडलेले मी पाहिले नव्हते.

"गुरुजी," तो शेवटी म्हणाला, "जीनत हॉलंडला जाती म्हणती."

"मला सांगितलंय तिनं."

जीनत त्याची मुलगी. तिसरी-चौथीला ती माझ्या वर्गात होती. आता पुण्याहून गणितात एम. एस्सी. होऊन आली होती. तिकडच्या विद्यापीठानं तिला संशोधनासाठी बोलावलं होतं. राहण्या-जेवणाची सोयही तेच करणार होते.

"काय शिकायला, ते कळलंय तुमाला?"

"थोडं."

"मग तुमी नशीबवान. मला थोडं बी न्हाई." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काल नाथाजी म्हणाला, हॉलंडला म्हंजी गायांचं शिकायला काय रं? तिकडनं लय दुधाच्या गाया येत्यात. आन गुरुजी, मी व्हय म्हणालो."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून आवरलं.

"तिनं माझ्यावर टाकलंय," रसूल म्हणाला. "म्हणती, अब्बा, तुमी मनापासून जा म्हटलं तर जाते, न्हाईतर सांगलीच्या कॉलेजात लागते. सोमवारी उत्तर टाकायचंय. आता मला ज्यातलं ओ की ठो कळत न्हाई त्याला मनापासून जा कसं म्हणू? आन नको तरी कशाच्या जोरावर म्हणू?"

"तिनं तुला समजावलं नाही?"

"चार येळा समजावलं. चारी येळा मी मान हलवली."

मोठ्या माणसाला काही समजावलं की तो मान हलवतो. पोर हलवत नाही. चाळीस वर्षं शिकवून मला कळलेल्या दोन-तीन गोष्टींपैकी ही एक. सुट्टी लागल्यापासून आळीतली मुलं रोज सकाळी आठला माझ्याकडे खेळायला येत होती. मी रसूलला म्हटलं, "उद्या तिला घेऊन ये. ती मुलांना सांगेल. तू नुसता चहा पीत बस."

"दहाला नाथाजीच्या विहिरीवर जायचंय. मोठी मोटर बसवायची हाय. झरा फुटलाय न्हवं त्याला. पूजा घातलीया, सगळ्या आळीला बोलावलंय."

"दहापर्यंत पुष्कळ वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी जीनत आली ती कागदांची जाड वही घेऊन. मी ती वही तिच्या हातातून काढून कोनाड्यात ठेवली आणि तिला खडू दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हसली. लहानपणी पाटी काढून घेतली की अशीच बघायची.

मुलं पाचसहा होती. त्यांत प्रियंका सगळ्यांत लहान, चौथीत गेलेली, आणि सगळ्यांत चिवट. राजरत्न सातवीत गेला होता आणि ते कुणालाही विसरू देत नव्हता. त्याची बहीण अक्षता शांत मुलगी, दिलेलं काम नीट करणारी.

जीनतनं घरामागच्या फरशीवर खडूनं दोन गावं काढली. ती काढताना तिनं फक्त अक्षताला, रसूलला आणि मला जवळ येऊ दिलं. पहिल्या गावात एकच गोल होता, म्हणजे एकच घर. त्यातून निघालेली वाट वळसा घेऊन त्याच घरात परत येत होती. दुसऱ्या गावात दोन घरं. पहिल्यातून वाट दुसऱ्यात जाई आणि दुसऱ्यातून पहिल्यात. प्रत्येक घरात तिनं एकेक खडा ठेवला.

मग पुढे येऊन ती मुलांना म्हणाली, "मागं दोन गावं आहेत. एकात एक घर, एकात दोन. घरांत खडे आहेत, आणि वाट एका घरातून पुढच्या घरात जाते; एकच घर असलं तर त्याच घरात परत येते. अक्षता त्यांतल्या एका गावात जाऊन उभी राहील. तुम्ही इथं ओट्यावर बसून, न बघता ओळखायचं की ती कुठल्या गावात आहे."

"सोपं हाय," राजरत्न म्हणाला. "अक्षे, कुठल्या गावात हाईस गं?"

"तसं विचारायचं नाही. दोनच तऱ्हेचे प्रश्न चालतील. इथून पुढच्या एखाद्या घरात अमुक आहे का? आणि, इथून पुढच्या सगळ्या घरांत अमुक आहे का? ती उभी आहे तिथून; तिच्या घरात काय आहे तेही विचारलं तर चालेल. पुढच्या घरातून त्याच्या पुढच्याबद्दल विचारलं तरी चालेल, कितीही पुढं."

अक्षता मागं गेली. तिचा आवाज खिडकीतून येत होता.

"तुझ्या घरात खडा हाय?"

"हाय."

"पुढच्या घरात?"

"हाय."

"त्याच्या पुढच्या?"

"हाय."

राजरत्ननं विसाव्या घरापर्यंत विचारलं. वीसही वेळा हाय. रसूल बशीत चहा ओतत होता. तो ओतताना थांबला आणि पुन्हा ओतू लागला.

"असं कवाच कळणार न्हाई," प्रियंका म्हणाली.

"कधीच नाही?"

"न्हाई. एक घर असलं तरी हायच म्हणणार, दोन असली तरी हायच म्हणणार."

जीनतनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या कागदांत ही एक मोठी सिद्धता होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. पण आत्ता ती एवढंच म्हणाली, "बरोबर. तुमची बोलायची भाषाच तेवढी आहे. आता मी भाषा वाढवते. आणखी काय विचारायला मिळालं तर कळेल? मागा."

मागा म्हटल्यावर मुलं खुलली. राजरत्न म्हणाला, "किती वाटा निघत्यात, ते इच्यारू दे."

"दिलं."

"अक्षे, तुझ्या घरातनं किती वाटा निघत्यात?"

"एक."

राजरत्ननं डोकं खाजवलं. एक घर असलं तरी एकच वाट, दोन असली तरी प्रत्येकातून एकच.

"मागनं किती वाटा येत्यात, ते इच्यारू दे," दुसरा एक मुलगा म्हणाला. तेही जीनतनं दिलं. उत्तर तेच, एक.

"आख्ख्या गावात कुठंतरी खडा नसलेलं घर हाय का?"

"हेही दिलं. विचारा."

"न्हाई," खिडकीतून आवाज आला. आता अक्षताला मजा वाटू लागली होती.

"मग सरळ इच्यारतो," राजरत्न चिडून म्हणाला, "दुसरं घर हाय का न्हाई?"

"दुसरं म्हणजे कशाहून दुसरं?" जीनत म्हणाली. "हे घर कुठलं, ते आधी धरून ठेवता आलं पाहिजे. तुमच्या भाषेत ते धरायची सोय अजून नाही."

"ही काय पोरगी हाय का वकील," रसूल बशीतून पुटपुटला. मुलं हसली.

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ होऊन गेले होते. मुलं मान खाली घालून बसली होती. अशा वेळी मास्तरच्या जिभेला खाज सुटते. मी पानाचा डबा उघडला आणि सुपारी कातरत बसलो. जीनतही बोलली नाही. माझ्या वर्गातली एक गोष्ट तिनं लक्षात ठेवली होती, याचं मला बरं वाटलं.

प्रियंका ओट्याच्या कडेला पाय हलवत होती. तिच्या एका पायातली चप्पल खाली पडली. तिनं उतरून ती घातली, पुन्हा वर चढली आणि मग तशीच बसून राहिली.

"ताई," ती म्हणाली, "अक्षीला चप्पल काढायला सांगू?"

"का?"

"उभी हाय तिथंच चप्पल ठेवायची. मग चालायचं. मग इच्यारायचं, त्या घरात चप्पल दिसती का."

जीनतनं हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "दिलं."

"अक्षे, एक चप्पल काढ. घरात ठेव. वाटेनं एक घर म्होरं जा. चप्पल दिसती?"

"न्हाई."

"आणखी एक घर म्होरं जा. आता?"

"दिसती."

"दोन घरं," प्रियंका म्हणाली, एवढ्या शांतपणे की जणू तिला सकाळपासून माहीत होतं. राजरत्न धावत मागं बघायला गेला.

"हे मी शिकते, अब्बा," जीनत वडिलांकडे वळली. "याला मोडल लॉजिक म्हणतात. एका जागी उभं राहून, इथून पुढं काय होऊ शकतं आणि काय झाल्याशिवाय राहत नाही, एवढंच बोलणारी भाषा. त्या भाषेत काय सांगता येतं, काय कधीच सांगता येत नाही, आणि तिला एखादा शब्द जोडला, चप्पल जोडली, की काय सांगता येऊ लागतं, ते बघायचं."

रसूलनं बशी खाली ठेवली. मिशी पुसली. "बरं," तो म्हणाला आणि उठला. "चला, नाथाजीची मोटर बसवायची हाय."

त्यानं मानसुद्धा हलवली नव्हती. तो पुढे निघाला तशी जीनत पायरीवर बसली.

"पाचव्या वेळीही नाही, गुरुजी."

"मान हलवली नाही ना?"

"नाही."

"मग चांगली खूण आहे. ऊठ, पूजेला जायचंय."

नाथाजीचं रान गावाच्या पूर्वेला, अर्ध्या मैलावर. आम्ही सगळे निघालो. अक्षता चप्पल शोधून येईपर्यंत राजरत्न तिला लंगडी घालून दाखवत होता. उन्हानं वाट तापली होती, पण नाथाजीच्या विहिरीजवळ गारवा होता आणि माणसं जमली होती. मे महिन्यात झरा फुटणं आमच्याकडे रोजची गोष्ट नाही. आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या, आणि याच्या विहिरीत तीन हॉर्सची मोटर आठ दिवस चालून पाणी वीतभरही उतरलेलं नव्हतं. पूर्वेच्या बाजूला, कातळाच्या भेगेतून मनगटाएवढी धार पडत होती.

नाथाजीनं स्वच्छ धोतर नेसलं होतं. काठावरच्या ताटात नारळ, हळदकुंकू, फुलं आणि वाटीभर गुलाल होता. नारळ फोडून झाला होता.

"या गुरुजी. बघा, आजानं खणली, बापानं खोल केली, झरा माझ्या नशिबात व्हता," तो म्हणाला. "मिस्त्री, आता साडेसातची मोटर टाक. पाणी हाय, पण वरच्या उसाला धार पोचंना. मोटर कमी पडती."

रसूल मोटरीकडे गेला नाही. तो काठावर उकिडवा बसून त्या धारेकडे पाहत राहिला. मग वळून त्यानं विहिरीशेजारच्या सिमेंटच्या चेंबरकडे पाहिलं. मोटर विहिरीतलं पाणी उचलून त्या चेंबरमध्ये टाकत होती आणि तिथून ते जमिनीखालच्या पाइपातून लांबच्या उसाला जात होतं. चेंबर पूर्वेच्याच बाजूला होता.

"उसाला धार कवापासनं कमी हाय?" त्यानं विचारलं.

"धाएक दिस."

"आन झरा कवा फुटला?"

"आठ-धा दिस." नाथाजीच्या कपाळाला आठी पडली. "का रं?"

"मोटर बंद केली तर झरा ऱ्हातो का?"

"ऱ्हातो की. बारीक हुतो, पण ऱ्हातो."

"बारीक हुतो." रसूल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "यावरनं ठरत न्हाई. लाइनीत भरलेलं पाणी निथळत असंल, न्हाईतर खराच झरा असंल. पाणी येतंय, जातंय, परत येतंय. नुसतं बघून दोन्ही सारखंच." तो उठला. त्याची नजर माणसांवरून फिरत प्रियंकावर थांबली, मग ताटावर.

नाथाजी गुलालाची वाटी उचलून झऱ्याच्या बाजूला उधळणार होता.

"आवं, थांबा," रसूल म्हणाला. "विहिरीत नगा टाकू. चेंबरात टाका."

"चेंबराची कसली पूजा?"

"आधी त्याची. मग झऱ्याची."

"मिस्त्री, तुझं डोस्कं बरं हाय न्हवं?"

"टाका म्हणतो न्हवं."

नाथाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी, टाक, अशी खूण केली. सगळी वाटी चेंबरात रिकामी झाली. पाणी लालगुलाबी होऊन फिरलं आणि पाइपाच्या तोंडात शिरलं. मोटर चालूच होती.

मी मुलांना काठापासून दोन हात मागं एका ओळीत बसवलं. लोकांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण रसूल धारेकडे बघत होता म्हणून तेही तिकडेच बघू लागले. जीनत वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. तिला कळलं होतं. तिचा एक हात तोंडावर होता.

प्रियंका मला हळूच म्हणाली, "गुरुजी, गुलाल म्हंजी चप्पल."

"गप. बघ."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाथाजीनं दोनदा घसा खाकरला. मग कुणीतरी खाली बोट दाखवलं. कातळाच्या भेगेतून पडणाऱ्या धारेत एक फिकट रेघ आली. ती रुंद होत गेली, आणि थोड्याच वेळात सबंध धार जत्रेतल्या सरबतासारखी गुलाबी झाली.

नाथाजीनं रिकामी वाटी ताटात ठेवली.

"म्हंजी," नाथाजी शेवटी म्हणाला, "माझंच पाणी मला दावत व्हतं हे."

"चेंबराच्या बुडाला पाइप फुटलाय. भेगेतनं परत विहिरीत येतंय. तुमची मोटर आठ दिस तेच पाणी फिरवतीया. म्हणून विहीर उतरंना आन म्हणून उसाला पोचंना."

"आन मी त्याची पूजा घातली."

"नारळ फोडलाय न्हवं? वाटा मग," रसूल म्हणाला, आणि सगळे हसले. नाथाजीसुद्धा, जरा उशिरा.

मोठ्या मोटरीचं काम राहिलं. त्याऐवजी चेंबरजवळ खणायचं ठरलं. खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. आम्ही आंब्याच्या सावलीत बसलो. नाथाजीनं रसूलच्या हातावर मोठा तुकडा ठेवला आणि विचारलं, "हे गुलालाचं तुला कसं सुचलं रं?"

रसूलनं तुकडा हातात फिरवला.

"नाथाजी, परवा तुमी इच्यारलं, पोरगी हॉलंडला काय शिकायला जाती. मी गायांचं म्हणालो. ते खोटं व्हतं."

"मग?"

"असं बघा. तुमी विहिरीजवळ हुबं हाय. तुमाला एवढंच इच्यारता येतं, म्होरं पाणी येतंय का? येतंय. त्याच्या म्होरं? येतंय. जलमभर इच्यारलं तरी नवं पाणी का जुनं, ते कळणार न्हाई. तुमची चूक न्हाई त्यात, तेवढ्या इच्यारण्यात ते मावतच न्हाई. पण ह्या पाण्याला एक खूण केली, आन ही खूण परत दिसती का, एवढं एक जादा इच्यारायला मिळालं, की कळलं. कुठल्या इच्यारण्यात काय मावतं आन काय न्हाई, ते ती शिकती." तो थांबला. "बरोबर हाय का गं?"

"बरोबर आहे, अब्बा," जीनत म्हणाली. 

"एवढ्यासाठी हॉलंडला?" नाथाजी म्हणाला. "हिकडं गुलाल मिळतो की."

पुन्हा हशा झाला. पण रसूल हसला नाही. तो विचारात होता. मला ते त्याच्या कामावरून माहीत होतं. एक जोड घट्ट बसला की तो लगेच पुढचा चाचपायचा.

"पर जीनत, मला एक सांग. खूण ठेवायची एवढी सोय हाय, तर सगळ्यांनी तीच भाषा का वापरू नये? तुझी ती आधीची, दोन प्रश्नांची, ती कशाला ठेवायची?"

जीनत खाली बसली. आता ती मुलांशी बोलत नव्हती, मलाही समजावत नव्हती. वडिलांशी बोलत होती.

"कारण खूण महाग पडते, अब्बा. साध्या दोन प्रश्नांच्या भाषेत तुम्ही मला कितीही अटी घाला. गाव असं पाहिजे, तसं पाहिजे. असं गाव असू शकतं की नाही, हे काढायची रीत आहे. वेळ लागेल, पण शेवटी हो किंवा नाही येणारच. पण पाहिजे तिथं, पाहिजे तितक्या खुणा ठेवायला मोकळीक दिली, तर सगळ्या अटींना पुरेल अशी रीत नाहीच. सापडली नाही असं नाही. असूच शकत नाही."

रसूलनं धारेकडे पाहिलं. ती हळूहळू पुन्हा निवळत होती.

"एका विहिरीत गुलाल टाकला तर कळतं," तो म्हणाला. "धा विहिरींत टाकला तर कुणाचा कुठं गेला, कळायचं न्हाई. तसं?"

"अगदी तसं नाही. पण जवळ आहे."

"मग थोडीच मोकळीक द्यायची. कळावं बी आन हातातनं जाऊ बी नये, एवढीच."

"तेच, अब्बा. किती द्यायची, ते अजून नीट कुणाला माहीत नाही. त्यासाठी जायचंय."

रसूल काही वेळ खोबरं चावत राहिला. घाईनं मान हलवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, हे मला आता दिसत होतं. त्या चार वेळा त्यानं ती लेकीचं मन राखायला हलवली असणार.

"जा," तो म्हणाला.

एवढाच शब्द. जीनतनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि मग, तिला काय वाटलं कोण जाणे, नाथाजीच्या ताटातल्या वाटीला बोट फिरवून उरलेला गुलाल प्रियंकाच्या नाकाला लावला. प्रियंकानं तो आठवडाभर पुसू दिला नाही, असं तिची आई मला सांगत होती.

सोमवारी सकाळी रसूल माझ्याकडे आला. त्याच्या हातात लांबट पाकीट होतं आणि ते मळू नये म्हणून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं.

"पत्ता एकदा बघा, गुरुजी. मी पोस्टात जातो. तिला म्हटलं, मीच टाकतो."

मी पत्ता वाचला. अक्षर माझ्या वर्गातलंच होतं, फक्त भाषा वेगळी.

"बरोबर आहे. बैस, चहा घे."

"नगं. नाथाजीचं खणायला माणसं आल्यात." पायरीवर जाऊन तो थांबला. "गुरुजी, त्या पोरीनं चप्पल ठेवायला सांगितली न्हवं, तवाच मला कळलं व्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास? ती बिचारी पायरीवर बसून राहिली."

"फरशीवरचं काय सांगावं," रसूल म्हणाला. "म्हटलं, एकदा पाण्यावर बघू."